थंड हवेचं वजन

शनिवार, दहा तारीख, सकाळचे सव्वादहा. जागा जऊळका, तुझं घर. रक्कम चार हजार दोनशे रुपये, माल ताब्यात घेताना द्यायची. हजर: तुझी बायको रेखा, तिची मोठी बहीण म्हणजे माझी बायको सुनंदा, मी, आणि दारात खोकं घेऊन उभा असलेला कुरिअरवाला. खोक्यावर नाव तुझं होतं. तुला जाऊन अठरा दिवस झाले होते.

प्रल्हाद, बातमी मोठी आहे आणि ती तुलाच सांगण्यासारखी आहे. त्या शनिवारपासून नऊ दिवसांत मी तीनदा तुझा नंबर काढला. एकदा तर तुझ्याच ओट्यावर बसून लावलाही. आत तुझ्या उशीजवळच्या फडताळात तो वाजला आणि रेखानं उचलून "बोला भाऊजी" म्हटलं. मी म्हणालो, चुकून लागला. ती म्हणाली, माझ्याकडून पण लागते कधी कधी. म्हणून आता लिहून काढतो. क्रमानं सांगतो, नाहीतर तू मध्येच तोडशील.

खोकं पाहिल्याबरोबर मला कळलं आत काय असणार. सात महिने ज्याच्यावरून आपण भांडलो तेच. कोल्ड एअर इनटेक, इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारा पाईप. तू त्याला सरळ 'नळी' म्हणायचास. आणि आधी खरं सांगतो, मला राग आला. मला न विचारता मागवलंस म्हणून आला. कुरिअरवाला पैशासाठी थांबला होता. रेखा आत गेली, पैसे घेऊन आली, मोजून त्याच्या हातावर ठेवले. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि माझा हात खिशाकडे गेला नाही. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. तरी गेला नाही.

बाहेरच्या माणसाला हे कोडगेपण वाटेल. तुला वाटणार नाही, कारण नियम आपण दोघांनीच केला होता. दोन साडूंत मिळून एक गाडी, एक आठवडा वाशीमला माझ्या दारात, एक आठवडा जऊळक्याला तुझ्या दारात, रविवारी अदलाबदल. गाडीत काहीही नवीन लावायचं तर दोघांची हो पाहिजे, आणि 'हो' म्हणजे तोंडानं नाही, अर्धे पैसे. ज्यानं अर्धे दिले नाहीत त्याची 'नाही'. तू आणलेल्या त्या वाघाच्या पट्ट्यांच्या सीटकव्हरला मी अर्धे दिले नाहीत, तर तू तीन वर्षं दर रविवारी गाडी माझ्याकडे आणण्याआधी ती काढून ठेवलीस आणि परत नेल्यावर चढवलीस. एकदाही कुरकुर केली नाहीस. सुनंदा म्हणायची, अशी दोन माणसं जिल्ह्यात नसतील.

रेखानं खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "सात दिवसांत परत करता येते म्हने हे. तुमी ठरवा, भाऊजी. तुमी म्हनाल त लावू, तुमी म्हनाल त धाडू वापस. मले त्यातलं काई समजत नाई." मग म्हणाली, "पन ठरवा तुमीच. त्यायचं तुमच्यावरच अडलं होतं."

म्हणजे सात दिवस. आणि तू बोलायला नाहीस.

तुला ती नळी कशाला हवी होती हे माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. किन्हीराजाकडे जाताना जो लांब चढ लागतो, त्याच्यावर मे महिन्याच्या दुपारी, मागे वांग्यांचे चार कॅरेट, शेजारी रेखा, एसी चालू, अशी आपली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निम्म्यावरच मान टाकायची. दुसरा टाकावा लागायचा. एकदा तुला तिथं रिकाम्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरनं मागे टाकलं. ते तू विसरला नाहीस. त्या संध्याकाळी तू वाशीमला माझ्या काट्यावर आलास. मी धर्मकाट्यावर सव्वीस वर्षं ट्रक मोजतो आहे आणि माझ्याशी वाद घालायचा तर कोणत्या भाषेत, हे तू बरोबर ओळखलं होतंस.

"साडूभाऊ, गरम हवा अन् थंड हवा एकाच मापाच्या डब्यात भरली, त वजन कोनाचं जास्त?"

मी म्हणालो, थंड हवेचं. शाळेत शिकलेलं आहे.

"मंग आपली गाडी बॉनेटातली गरम हवा ओढून राह्यली. म्हंजे दर घोटाले तिले मापात मारून राह्यलो आपन. तुमच्या काट्यावर चालन का असं?"

मी हसलो होतो, पण रात्रभर तो डबा माझ्या डोक्यातून गेला नाही. गाडीला हवा लागते, हवेत पेट्रोल जळतं, हवा जितकी थंड तितकी एका घोटात जास्त मावते. मुद्दा खरा होता. मग मी तारेचा थर्मामीटर आणला, अंडी उबवायच्या पेटीत लावतात तसला, आणि तो मे महिन्यातला रविवार आठव. तार बॉनेटातून आत घेऊन सुनंदाच्या हातात डबी दिली होती. ती मागच्या सीटवरून आकडे वाचत होती: अठ्ठावन, साठ, एकसष्ट. बाहेर चाळीस होतं. तू स्टीअरिंगवर हात आपटलास. सुनंदा म्हणाली, यापेक्षा तुम्ही दोघं पत्ते खेळत जा. पण पुढच्या वळणावर तीच ओरडली, बासष्ट झालं बासष्ट.

तिथून आपली निवड सुरू झाली आणि ती निवड म्हणजे मी अलीकडच्या वर्षांत केलेलं सगळ्यात मजेचं काम होतं. हे तुला मी कधी बोललो नाही.

तीन प्रकार होते. पहिला, चौदाशेचा, बॉनेटातच उघडा बसणारा भोंगा. आवाज मोठा, पण ओढणार तीच बासष्ट अंशांची हवा. तो दोघांनीही एका मिनिटात बाद केला. दुसरा, सहा हजार आठशेचा, लांब लाल पाईप, जो पार खाली बंपरच्या मागे उतरतो आणि रस्त्यालगतची थंड हवा घेतो. त्याच्यावर तुझा जीव. तिसरा, चार हजार दोनशेचा, आखूड काळा पाईप, हेडलाइटच्या मागून हवा घेणारा, वर झाकणाची पेटी. त्याला तू 'टिफिन' म्हणायचास. साडूभाऊचा टिफिन.

लाल पाईपावर माझे आक्षेप तीन होते. एक, पावसाळ्यात आपल्या नाल्यांवरून पाणी वाहतं तेव्हा बंपरच्या मागचं तोंड पाणी ओढणार, आणि इंजिनात पाणी गेलं की गाडी नव्हे, भंगार. दोन, त्याचं कापडी फिल्टर तेल लावून वापरायचं असतं, ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, आणि सेन्सर खोटं मोजायला लागतो. खोटं मोजणारी वस्तू मी दारात ठेवत नाही. तीन, पेट्रोल. तू म्हणायचास, नाल्याले पानी असलं की थांबू ना अर्धा घंटा, चहा पिऊ. सेन्सरबद्दल तू म्हणायचास, तेल कमी लावू. तिसऱ्यावर म्हणायचास, लावून पाहू.

सुनंदाच्या मामेभावाच्या पोरीच्या लग्नात तर आपण कहर केला. मंगल कार्यालयाच्या मागं गाडीचं बॉनेट उघडून दोघं वाकलो होतो, पाईप कुठून उतरेल हे तू हात घालून दाखवत होतास. अक्षता दोघांच्याही डाव्या मुठीत. वाजंत्री वाजली तेव्हा तू म्हणालास, "झालं वाटते." मी म्हणालो, "काय?" म्हणालास, "लगन." त्या अक्षता आपण बॉनेट लावून त्याच्यावरच टाकल्या. सुनंदा माझ्याशी आणि रेखा तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता चाचणीचं सांगतो, कारण सगळा पेच तिथंच आहे.

मालेगावच्या तुझ्या मित्राकडून तू तो लाल पाईप आठवडाभर मागून आणलास आणि गॅरेजवाल्या सलीमभाईंकडून बसवून घेतलास. ठरलं असं: तुझ्या आठवड्यात पाईप लावून तीनशे किलोमीटर, माझ्या आठवड्यात पाईप काढून तीनशे किलोमीटर. दोघांनी टाकी भरूनच परत द्यायची, जशी नेहमीच द्यायचो. किती लिटर लागलं त्यावरून मायलेज. तुझ्या तीनशेला वीस पॉइंट एक लिटर लागलं. मायलेज चौदा पॉइंट नऊ. माझ्या तीनशेला सोळा पॉइंट दोन. मायलेज साडेअठरा. मी तुझ्या ओट्यावर बसून हे वाचून दाखवलं आणि वर म्हणालो, "तुझी नळी खादाड आहे अन् तुझा पायही जड आहे. माझ्याकडून नाही."

तू कागद हातात घेतलास, बघितलास, हसलास आणि म्हणालास, "आकडे तुमचे हायेत, म्हंजे बराबरच असन." मला वाटलं, हरल्यावरही किती दिलदार आहे. मी जिंकलो म्हणून त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

आपलं शेवटचं बोलणं त्यानंतर महिनाभरानं झालं, तेही फोनवर. तू विचारलंस, "सुकं फिल्टर धुता येते काय हो?" मी म्हणालो, धुता येत नाही, झटकायचं फक्त. काट्यावर सोयाबीनचा ट्रक चढला होता, मी म्हणालो ठेवतो. चार दिवसांनी तू गेलास. मी कित्येकदा मनात म्हटलं, शेवटचं बोलणं तेही फिल्टरचं.

शनिवारी रेखानं खोकं उघडायला सुरी दिली. वरचा कागद काढला आणि प्रल्हाद, आत लाल पाईप नव्हता. आखूड काळा पाईप होता. झाकणाची पेटी होती. सुकं फिल्टर होतं. तोंड हेडलाइटच्या मागं, बंपरच्या कितीतरी वर. तू साडूभाऊचा टिफिन मागवला होतास.

मी तो बराच वेळ हातात धरून बसलो. पाणी ओढेल हा आक्षेप गेला. तेल बसेल हाही गेला. राहिला एकच, पेट्रोलचा. दोन मुद्द्यांवर तू माझं ऐकलं होतंस आणि उरलेल्या एकासाठी माझ्या दारात वस्तू आणून ठेवली होतीस. मला न विचारता मागवलंस असं मी म्हणत होतो. तू विचारतच होतास. फोनवर विचारलं होतंस आणि मी ट्रक मोजायला गेलो होतो.

तेव्हा मी रेखाला म्हणालो, सात दिवस आहेत, मला एकदा नीट मोजू दे. चौदा पॉइंट नऊ हा आकडा फार वाईट होता. इतकं पेट्रोल खाणारी वस्तू तुझ्या बायकोच्या गळ्यात मारणं मला पटत नव्हतं, तुझी इच्छा असली तरी. आणि परत पाठवणं, तेही पटत नव्हतं.

मंगळवारी सकाळी गाडी तुझ्या शेडमधून काढली आणि तू नेहमी भरायचास त्या पंपावर नेली. टाकी भरून शून्यापासून सुरुवात करायची होती. पंपावर शोभाताई होत्या, तू त्यांना कोथिंबीर द्यायचास त्याच. नळ आपोआप टक्क करून बंद झाला. मी पैसे काढले. त्यांनी नळ तसाच धरून विचारलं, "थांबू का? गळ्यापर्यंत नाई करायचं?"

मी विचारलं, गळ्यापर्यंत म्हणजे काय.

"दादा करायचे ना. वाशीमले गाडी जायची असली की टक्क झाल्यावरबी थेंब थेंब भराले लावायचे. गाडी हालवायचे हातानं, बुडबुडे निघाले पायजे म्हनायचे. म्यां सांगो, दादा, एवढं भरू नाई, चांगलं नसते गाडीले. त म्हनायचे, साडूच्या घरी अर्धा गडवा धाडतात काय?"

मी विचारलं, किती बसायचं जास्तीचं.

"दोन लिटरले जरासं कमी. एक पॉइंट नऊ. मले पाठ झालतं."

मी तिथंच पंपाच्या सावलीत उभा राहिलो. सव्वीस वर्षं मी ट्रक आधी भरलेला मोजतो, मग रिकामा मोजतो, आणि मगच मालाचं वजन लिहितो. रिकाम्याचं वजन न घेता पावती फाडणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही. आणि इथं मी टाकी कुठपासून कुठपर्यंत भरली हे न बघता तुझी पावती फाडली होती.

तुझ्या आठवड्यात गाडी टक्कपासून निघायची आणि तू गळ्यापर्यंत भरायचास. म्हणजे तुझ्या वीस पॉइंट एकमधलं एक पॉइंट नऊ तू जाळलंच नव्हतंस, ते माझ्यासाठी होतं. माझ्या आठवड्यात गाडी गळ्यापासून निघायची आणि मी टक्क झालं की थांबायचो. म्हणजे मी जाळलेल्यातलं एक पॉइंट नऊ माझ्या पावतीवर आलंच नव्हतं. तुझे अठरा पॉइंट दोन लिटर, माझे अठरा पॉइंट एक. तुझं मायलेज साडेसोळा, माझं साडेसोळाला पॉइंट एक जास्त. सारखंच! नळी खादाड नव्हती. तुझा पाय जड नव्हता. आणि मी नऊ वर्षं पाहुण्यांत सांगत आलो की गाडी माझ्या हातात साडेअठरा देते, ते तू भरून पाठवलेलं पेट्रोल होतं.

शोभाताईंनी विचारलं, भाऊ, बरं वाटत नाही का. मी म्हणालो, फार बरं वाटतंय. खरंच वाटत होतं. सांगायला लाज वाटते, पण तू गेल्यापासून पहिल्यांदा अंगात वारं भरल्यासारखं झालं. चुकलेला आकडा सापडला की मला होतंच तसं. मी गाडी वळवली ती थेट तुझ्या घरी.

रेखा ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, लिटरसकट. तिनं जुडी बांधून बाजूला ठेवली.

"त्यायले माईत होतं, भाऊजी."

मी खाली बसलो.

"तुमी आकडे वाचून गेले ना त्या दिवशी, हे एकटेच हासून राह्यले होते. म्यां इचारलं, काहून हासता? त म्हने, साडूभाऊचा काटा चुकला. म्हटलं, मंग सांगा ना त्यायले, नळी येईन तुमची. त म्हने, कसा सांगू? सांगतलं त दोन लिटर पेट्रोल मोजून दाखवल्यासारखं होते."

ती पुन्हा मेथीकडे वळली. प्रल्हाद, सात महिन्यांचा वाद तुला एका वाक्यात जिंकता आला असता. तू ते वाक्य गिळलंस आणि गाडी त्यानंतरही गळ्यापर्यंत भरूनच पाठवत राहिलास. मला तुझ्यावर परत राग आला आणि हा राग मला आवडला. तू समोर असतास तर मी तुला त्या ओट्यावरून ढकललं असतं.

"लावायची," मी रेखाला म्हणालो.

"काय?"

"नळी."

गुरुवारी सलीमभाईंच्या गॅरेजात गाडी लावली. आधी मी त्यांना दोन दिवस थांबवलं होतं, कारण मला चढावर आधीची वेळ घ्यायची होती. बुधवारी भर दुपारी, मागे चार कॅरेट वांगी आणि रेखा-सुनंदाच्या वजनाइतकी पोती, एसी चालू, चढाच्या पायथ्याच्या मैलाच्या दगडापासून माथ्यावरच्या निंबापर्यंत, तीन फेऱ्या. सरासरी सेहेचाळीस सेकंद, आणि तिन्ही वेळा निम्म्यावर दुसरा गिअर. मग मनात आलं, आतलं जुनं फिल्टर मळकं आहे, नळीचं कौतुक आणि फिल्टरचा मळ एकत्र मोजला जाईल. नवीन कागदी फिल्टर टाकून परत तीन फेऱ्या मारल्या. पंचेचाळीस. गिअर तोच. तिसऱ्या फेरीला तिथला एक गुराखी विचारायला आला की काही हरवलं आहे का.

सलीमभाईंनी जुना डबा काढला, पेटी बसवली, एक पट्टी थोडी वाकवून घेतली कारण भोक अर्धा इंच सरकलेलं होतं. दीड तास. मी दर बोल्टला वाकून बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "भाऊ, प्रल्हादभाऊ बी असाच डोकं घालत होता. तुमी दोघं एकाच कंपनीचे." मग त्यांनी चावी माझ्या हातात दिली. चालू केली आणि ऍक्सिलरेटर दाबला तर आतून एक खोल, भरलेला आवाज आला, जसा माणूस पोहायच्या आधी छाती भरून घेतो. सलीमभाईंनी टोपी काढून डोकं पुसलं. मी परत दाबला. परत दाबला. आवाजाचा मी सात महिने तुझ्यासमोर पोरकटपणा म्हणून उद्धार केला होता. मी खरं लिहितो आहे, म्हणून हेही लिहितो: आवाज फार सुंदर आहे.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला आम्ही निघालो. मी चालवायला, शेजारी रेखा, मागे सुनंदा थर्मामीटर घेऊन, आणि तिच्या शेजारी नि डिकीत मिळून तेच चार कॅरेट. रेखा जऊळक्यापासून बोलली नव्हती. तू गेल्यावर चोवीस दिवसांनी ती पहिल्यांदा त्या सीटवर बसत होती. मैलाचा दगड आला. सुनंदानं घड्याळ लावलं. तिसरा गिअर.

निम्म्यावर, जिथं गाडी मान टाकायची, तिथं माझा हात सवयीनं गिअरवर गेला. रेखानं माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "नका टाकू. ओढते." मी हात काढून घेतला. गाडी थोडी हळू झाली, मग तिथंच धरून राहिली आणि ओढत गेली. मागून सुनंदा, "चौतीस अंश! बाहेर तीस, आत चौतीस!" निंब आला. त्रेचाळीस सेकंद. तिसऱ्यातच.

तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही त्रेचाळीसच्या आसपास, तिन्ही तिसऱ्यातच. नव्या फिल्टरपेक्षा दोन सेकंद कमी. पेट्रोलमध्ये फरक पडेल असं मी कोणाला सांगणार नाही, पडणार नाही. शर्यत जिंकेल असंही नाही. पण मापात मारलं जात होतं हे तुझं म्हणणं खरं होतं, आणि ते मी सहा फेऱ्या आधी व तीन फेऱ्या नंतर मोजून सांगतो आहे. दोन सेकंद, प्रल्हाद. एवढ्यासाठी आपण सात महिने भांडलो आणि मी ते सात महिने कोणत्याही किमतीला परत द्यायला तयार नाही.

माथ्यावर गाडी बाजूला घेतली. सुनंदा रडत होती आणि आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती. रेखा खाली उतरली, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, मग मागून एक ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉलीनं चढत येत होता त्याच्याकडे तिनं बघितलं आणि पहिल्यांदा हसली. "चला भाऊजी," म्हणाली, "तो येच्या आंदी निघू."

आता राहिलं शेवटचं.

रविवारी मी गाडी द्यायला जऊळक्याला गेलो. गाडी विकायची नाही हे रेखानं सांगितलं आहे, ती शिकणार आहे, सुनंदा तिला शिकवणार आहे, देव दोघींना वाचवो. जेवण झालं. मी पाकीट काढलं. ती लगेच म्हणाली, "हे कायले, भाऊजी? आता कोन मांगून राह्यलं? ते गेले, त्यायचा नियमबी गेला."

मी म्हणालो, "तू नाई घेतले तर माझी 'नाही'च राहते. त्याच्या ओट्यावर बसून बोललो होतो ती. मला ती बदलायची आहे, अन् बदलायची आमची पद्धत एकच आहे."

तिनं थोडा वेळ विचार केला. मग ओला हात पदराला पुसून पुढे केला.

दोन हजार शंभर रुपये. रेखाला, अठरा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास, जऊळक्याच्या घरी.